सहीची किंमत

(विद्यार्थी दिनानिमित्त रहिमतपूर येथे भरविलेल्या जुन्या कागदपत्रांच्या व स्वाक्षऱ्यांच्या प्रदर्शनप्रसंगी दिलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हांला ‘थोर नेत्यांच्या स्वाक्षऱ्या : संग्रह आणि मोल’ या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही काही या विषयातले पंडित नव्हे. परंतु या बाबतीत आमच्या हातून लहानपणी एक चूक झाली आहे आणि ती गेली साठ वर्षे आम्हांला टोचते आहे. चूक केलेल्या माणसाने चार शब्द सांगितले तर ते इतरांच्या उपयोगी पडतात, एवढाच आमचा अधिकार समजावा.

आमच्या घरात परमपूज्य बाबासाहेबांचे एक पत्र होते. आमच्या आज्यांनी कोणाकडून तरी लिहवून त्यांना पत्र धाडले होते, त्याचे ते उत्तर. टाइप केलेले, इंग्रजीतले, पाच-सहा ओळींचे आणि खाली शाईची सही. आज्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ते पत्र शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतले, घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि मरेपर्यंत जपले. पुढे जयंतीसाठी घरात बाबासाहेबांचा नवा फोटो आणला. फोटोला चौकट करायची होती. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या मनात आले की, फोटोखाली बाबासाहेबांची खरी सही लावली तर शोभा येईल. त्यांनी पत्र काढले. कात्री शोधायला आम्हांला पाठवले. आम्ही तेव्हा चौथीत होतो. शेजारच्या घरातून कात्री आम्हीच आणून दिली. दोन बोटे रुंदीची सहीची पट्टी कापली गेली, खळीने फोटोखाली चिकटली आणि उरलेले पत्र कोठे गेले ते आजपर्यंत कोणालाही सांगता आलेले नाही.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. जे झाले ते श्रद्धेपोटीच झाले. परंतु पत्रात काय होते, ते कोणत्या तारखेचे होते, ते सगळे गेले. आजी म्हणायची, “शाळंबद्दल हुतं.” चुलते म्हणायचे, वर्गणीबद्दल होते. दोघेही आता नाहीत. सही मात्र भिंतीवर आहे.

बंधू-भगिनींनो, सही म्हणजे काय याचा आपण थोडा विचार करू. आज आपण ज्या दिवशी जमलो आहोत तो दिवससुद्धा एका सहीशी बांधलेला आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी नऊ वर्षांचा भिवा साताऱ्याच्या हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत दाखल झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याची सही आहे. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले म्हणून ती तारीख आपल्याला कळली आणि २०१७ साली महाराष्ट्र शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले. एका रजिस्टरातल्या एका ओळीतून सबंध महाराष्ट्राचा एक दिवस उभा राहिला. ते रजिस्टर जुने झाले म्हणून रद्दीत गेले असते, तर आज आपण कोणत्या तारखेला जमलो असतो?

ही झाली पहिली सही. दुसरी सही बडोद्याची. महाराज सयाजीराव गायकवाडांनी भीमरावांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा सरकारला करार लिहून दिला : शिक्षण पुरे झाल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करीन. त्या सहीच्या जोरावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि ती सही पाळण्यासाठी परत येऊन १९१७ साली बडोद्यास हजर झाले. तेथे एवढ्या विद्वान माणसाला राहायला जागा कोणी देईना. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. करार त्यांच्या बाजूने मोडला नव्हता. त्यांना तो पाळू दिला गेला नाही.

तिसरी सही २४ सप्टेंबर १९३२ ची, पुणे कराराची. त्या कागदावर दलित वर्गाच्या वतीने बाबासाहेबांची सही आहे. पंडित मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर जयकर, सप्रू, राजगोपालाचारी यांच्या सह्या आहेत. क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांचीही आहे. ज्यांच्या उपोषणामुळे हा करार झाला त्या गांधीजींची सही मात्र त्यावर नाही. सह्या झाल्यावर राजगोपालाचारींनी आनंदाने आपले फाउंटन पेन बाबासाहेबांच्या पेनाशी अदलाबदल करून घेतले, असे चरित्रकार सांगतात. करारात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले. पुढे बाबासाहेबांनी या कराराबद्दल किती कडक लिहिले ते आपण जाणता. म्हणजे प्रत्येक सही आनंदाची असते असे नाही. काही सह्या माणूस मनावर दगड ठेवून करतो.

चौथी सही २४ जानेवारी १९५० ची, भारताच्या संविधानावरची. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी सुंदर अक्षरात लिहिलेल्या त्या प्रतीवर संविधान सभेच्या २८४ सदस्यांनी सह्या केल्या. त्यांत मसुदा समितीच्या अध्यक्षांची, म्हणजे बाबासाहेबांची सही आहे. ती प्रत संसदेच्या ग्रंथालयात खास पेटीत सुरक्षित ठेवली आहे.

आता आम्ही आपणांस विचारतो. या चार कागदांवरच्या चार सह्या कात्रीने कापून एका वहीत ओळीने चिकटवल्या तर काय उरेल? चार वेळा लिहिलेले एकच नाव उरेल. शाळेत घातलेले पोर, कर्तव्याने बांधलेला विद्यार्थी, कोंडीत सापडलेला पुढारी आणि देशाचा घटनाकार, हे सगळे सहीच्या वरच्या मजकुरात आहे. सही त्या मजकुराला आपण बांधील असल्याचे सांगते. मजकूर काढून घेतला की ती कशाला बांधील आहे हेच कळत नाही. आमच्या घरी नेमके हेच झाले.

मजकुराचे महत्त्व पटावे म्हणून आपल्या या रहिमतपूरच्या वाटेवरचेच एक उदाहरण देतो. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्या वेळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून मुले त्यांच्याकडे निघाली. गाडीने मसूर स्टेशनला उतरायचे होते. ही गाडी आपल्या रहिमतपूरवरूनच मसूरला जाते. म्हणजे नवे कपडे घातलेली, आगगाडीत बसल्याच्या आनंदात असलेली ती पोरे आपल्या स्टेशनावरून पुढे गेली. मसूरला न्यायला कोणी आले नव्हते. मुलांनी वडिलांना धाडलेले पत्र नोकराला मिळाले होते, पण तो ते द्यायला विसरला होता. स्टेशन मास्तरांनी जात विचारली. खरे सांगताच त्यांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही मुलांना नेईनात. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही.

ही हकिकत आपल्याला कशी कळली? बाबासाहेबांनी ती स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. ते कागद कोणी फेकले नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात ते राहिले आणि १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पुस्तिका निघाली. त्यांच्या महानिर्वाणानंतर चौतीस वर्षांनी! एक पत्र नोकराच्या विसराळूपणाने पोहोचले नाही, त्यात मुलांचे हाल झाले. आणि त्या हालांची हकिकत कोणीतरी कागद जपले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. कागद पोहोचणे आणि न पोहोचणे यात किती अंतर पडते, ते आपल्या मसूर स्टेशनाने दाखवले आहे.

या कामात आपल्या जिल्ह्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचे मोठे चरित्र लिहिणारे चांगदेव भवानराव खैरमोडे हे आपल्या सातारा जिल्ह्याचे. बाबासाहेब हयात असतानाच, १९५२ साली, त्यांनी चरित्राचा पहिला खंड काढला. पत्रे, पत्रके, आठवणी, मिळेल तो कागद त्यांनी जमा केला. बाबासाहेबांची पत्रे संपादित करून पुस्तकरूपाने देणारे शंकरराव खरात आटपाडीचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. पुढे शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे या मालेच्या २१व्या खंडात बाबासाहेबांचा पत्रव्यवहार आला. या लोकांनी सह्या गोळा केल्या नाहीत, अख्खी पत्रे गोळा केली. हा फरक ध्यानात ठेवावा.

आता बाजाराचे बोलू. सह्या जमवण्याचा छंद जगभर आहे आणि त्यांची खरेदी-विक्रीही होते. त्या बाजारात भाव कसा ठरतो? पहिली गोष्ट, दुर्मिळता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत. त्यांत बटन ग्विनेट नावाचा एक साधा पुढारी होता. सही केल्यावर वर्षाच्या आत, १७७७ साली, तो द्वंद्वयुद्धात मेला. त्याच्या सह्या फार थोड्या उरल्या. छप्पन्न सह्यांचा संच पुरा करणाऱ्याला त्याची सही लागतेच, म्हणून तिला प्रचंड भाव येतो. म्हणजे बाजारातला भाव हा थोरवीचा भाव नव्हे. ज्याचे कागद कमी उरले त्याचा भाव जास्त, इतका साधा तो हिशेब आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदाचा प्रकार. नुसती कापलेली सही सर्वांत खालच्या पायरीवर. तिच्या वर सही केलेला फोटो किंवा पुस्तक. तिच्या वर टाइप केलेले व खाली सही असलेले पत्र. आणि सर्वांत वर संपूर्ण स्वहस्ते लिहिलेले पत्र, त्यातही ज्यात काही महत्त्वाचा विषय आहे, ज्यावर तारीख आहे, ज्याला लिहिले तो कोण हे ठाऊक आहे असे. म्हणजे गंमत पाहा, बाजारसुद्धा शेवटी मजकुरालाच मान देतो.

तिसरी गोष्ट, कागद कोणाच्या हातून कोणाकडे आला याचा पुरावा. तो नसेल तर जाणकार मान हलवतात.

गांधीजींनी सहीचा भाव स्वतःच ठरवला होता. सही हवी असेल तर हरिजन फंडाला पाच रुपये द्यावे लागत. त्या फंडाविषयी आपले जे मत असेल ते असो. परंतु सहीतून लोककार्याला पैसा उभा करावा ही कल्पना घेण्यासारखी आहे. उलट २०१२ साली गांधीजी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांच्यासंबंधीचा कागदपत्रांचा संग्रह लंडनमध्ये लिलावाला निघाला, तेव्हा भारत सरकारला तो मोठी रक्कम मोजून घ्यावा लागला. घरातून गेलेला कागद परत आणायला सरकारलाही जड जाते, मग आपली काय कथा!

भाव आला की खोटेपणा येतो. त्यासाठी चार साध्या खुणा सांगतो. पहिली, भिंग घेऊन पाहा. छापलेली सही बारीक ठिपक्यांची किंवा एकसारख्या सपाट रंगाची दिसते. शाईच्या सहीत कोठे दाट, कोठे फिकी शाई असते, रेघ रेघेवरून गेलेली कळते आणि शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरलेली असते. अनेक घरांत बाबासाहेबांचा सहीसह फोटो आहे. बहुतेक ठिकाणी ती सही फोटोबरोबरच छापलेली असते. संविधानाच्या छापील प्रतींतल्या सह्याही छायाचित्राने उतरवलेल्या आहेत. त्या पाहून आनंद मानावा, पण खऱ्या म्हणून कोणाला सांगू नये.

दुसरी खूण, काळ जुळतो का ते पाहा. बॉलपेन बाजारात आले ते १९४५ च्या सुमारास. तेव्हा १९३० च्या कागदावर बॉलपेनची सही असेल तर समजून घ्यावे. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणून त्याआधीच्या पावतीवर रुपये-आणे-पैच हवेत. पिनकोड आला १९७२ साली. तिसरी, पत्ता पाहा. बाबासाहेबांची पत्रे दादरच्या ‘राजगृह’हून, दिल्लीच्या पृथ्वीराज रोडवरून, मंत्री असताना हार्डिंग ॲव्हेन्यूवरून आणि शेवटच्या काळात २६, अलीपूर रोडवरून गेलेली आहेत. अलीपूर रोडचा पत्ता आणि तारीख १९४० ची, असा कागद कोणी दाखवला तर सावध राहावे. चौथी, मोठ्या माणसांच्या कचेरीतून जाणाऱ्या कागदांवर कधी कधी चिटणिसाची सही किंवा रबरी शिक्काही असतो. तो कागद खोटा नव्हे. पण ती सही त्यांच्या हातची नव्हे, एवढे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे.

आपल्या घरांत असे कागद कोठे सापडतील? पहिली जागा म्हणजे मनिऑर्डरची पोच. पूर्वी पैसे पाठवले की घेणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे परत येई. आपल्या वाडवडिलांनी मोलमजुरीतून पक्षाला, सत्याग्रहाला, इमारतीला पैसे पाठवले आहेत. त्या पोचा पत्र्याच्या पेट्यांत, देवळीत, धान्याच्या कणगीमागे असू शकतात. त्यावर सही कोणाची आहे हे पाहण्याआधी पाठवणारा कोण आहे ते पाहा. शिवाय वर्गणीच्या पावत्या, परिषदांची निमंत्रणे, शाळेचे दाखले. आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या, यशवंतराव चव्हाणांच्या सह्यांचे कागदही घरोघरी असण्याचा संभव आहे. तेही जपावेत. इतिहासाला परके-आपले नसते.

जपायचे कसे? कात्री लावू नये, हे आमच्याकडून ऐकाच. लॅमिनेशन करू नये. एकदा केले की ते काढता येत नाही आणि आतला कागद जातो. सेलोटेप, खळ, फेविकॉल लावू नये. घडी सारखी उघड-मीट करू नये. सपाट ठेवावा. उन्हात किंवा उदबत्ती-मेणबत्तीच्या धुरात टांगू नये. पूजेच्या जागी ठेवायचाच असेल तर त्याची प्रत ठेवावी. दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांकडे ठेवावेत. पाकिटही जपावे, कारण पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख आणि गाव असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, हा कागद कसा आला ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे.

आता एक अवघड प्रश्न. कागद विकावा का? काही वर्षांपूर्वी आमच्या घरी जुनी नाणी, तिकिटे विकत घेणारे एक गृहस्थ आले. त्या वर्षी पुतणीची कॉलेजची फी भरायची होती आणि हातात पैसा नव्हता. त्यांनी भिंतीवरची सही पाहिली आणि चांगली रक्कम बोलले. मग भिंग काढून पाहिले आणि विचारले, “याचं पत्र कुठंय?” आम्ही काय सांगणार? ते म्हणाले, “सही पेनाची आहे, पण पत्राशिवाय मी तरी खात्री कशी देऊ?” आणि रक्कम निम्म्याच्या खाली आली. आम्ही ती दिली नाही. यात आमचा त्याग वगैरे काही नव्हता. भाव पडला म्हणूनही दिली नाही, हे खरे सांगतो. पुरी रक्कम मिळाली असती तर आम्ही काय केले असते, हे आम्हांला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. फी पुढे उसनवारी करून भरली.

म्हणून ज्याच्या घरी नड आहे त्याला ‘विकू नको’ असे हुकूम सोडण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. बाबासाहेबांना तरी पोरीचे शिक्षण थांबवून त्यांची सही भिंतीवर राहिलेली आवडली असती का? परंतु विकण्याआधी तीन गोष्टी कराव्यात, एवढी हात जोडून विनंती आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंची प्रत काढा. आपल्या मंडळाला कळवा, म्हणजे समाजातून काही व्यवस्था होते का ते पाहता येईल. आणि आधी सार्वजनिक संग्रहालयांना विचारा. पुण्याला सिंबायोसिसचे बाबासाहेबांचे स्मारक संग्रहालय आहे. तेथील वस्तू माईसाहेबांनी दिलेल्या आहेत. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तू जपलेल्या आहेत. तेथे कागद गेला तर तो सर्वांचा होतो. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा कागद हा पुरावशेष ठरू शकतो आणि तो कोणाही खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विकत घ्यायला आलेल्या माणसाला हे आपल्याला ठाऊक आहे, एवढे कळले तरी पुरे.

शेवटी आमच्या घरच्या पेटीकडे परत येतो. ते पत्र सापडेल या आशेने आम्ही ती पेटी किती वेळा उपसली असेल! पत्र सापडले नाही. परंतु दोन कागद सापडले आणि ते आज येथे टेबलावर मांडले आहेत. एक सावकाराचा कर्जरोखा आहे. त्याखाली आज्यांच्या नावापुढे ‘निशाणी अंगठा डाव्या हाताचा’ असे दुसऱ्याच्या अक्षरात लिहिले आहे आणि शाईचा ठसा आहे. दुसरा कागद बऱ्याच वर्षांनंतरचा, सोसायटीच्या कर्जाची पावती. त्यावर अंगठा नाही. वाकड्यातिकड्या अक्षरांत, रेघ सोडून खाली घसरलेले, आज्यांनी स्वतः लिहिलेले त्यांचे नाव आहे. ते लिहायला कधी शिकले, कोणी शिकवले, घरात कोणालाच माहीत नव्हते. आम्हांला तर ते अंगठेबहाद्दर म्हणूनच आठवतात.

त्या बाजारवाल्या गृहस्थांना आम्ही हाही कागद दाखवला होता. त्यांनी तो न उलगडताच बाजूला ठेवला. बरोबरच आहे, त्याला बाजारात कवडीची किंमत नाही. परंतु बाबासाहेबांच्या त्या हरवलेल्या पत्रात काय होते याचा आम्हांला जो काही अंदाज करता येतो, तो या कागदावरून करता येतो. आजी म्हणायची ‘शाळंबद्दल हुतं’, ते खरे असावे, असे आता आम्हांला वाटू लागले आहे.

तेव्हा मंडळापुढे आमची एक सूचना आहे. आपल्या वस्तीतल्या व आसपासच्या गावांतल्या प्रत्येक घरातील जुन्या कागदांची एक नोंदवही करावी. कागद ज्याचा त्याच्या घरीच राहील, मंडळाने फक्त नोंद आणि प्रत ठेवावी. कोणता कागद, कोणाचा, तारीख कोणती, सही कोणाची, घरात कसा आला, एवढे पाच रकाने पुरेत. पुढाऱ्यांच्या सह्यांबरोबर आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे आणि पहिल्या सह्याही त्यात याव्यात. हे काम विद्यार्थ्यांनी घ्यावे. म्हातारी माणसे नातवंडांना सांगतात, आम्हांला सांगत नाहीत. आणि हे लवकर करावे, कारण दर वर्षी सांगणारी माणसे कमी होत आहेत.

पहिली नोंद आमच्या घरची घ्यावी. पहिल्या रकान्यात लिहावे, ‘पत्राची कापलेली सही’. तारखेच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असे लिहावे आणि त्यापुढे कात्री कोणी आणून दिली तेही लिहावे. वाचणारा पुढच्या वेळी कात्री उचलताना थांबेल.

विद्यार्थी मित्रांनो, बाहेर दाराशी आजच्या कार्यक्रमाची उपस्थितीची वही ठेवली आहे. जाताना त्यात नुसती रेघोटी ओढू नका. पूर्ण नाव, गाव, इयत्ता आणि तारीख लिहा आणि मगच सही करा. सव्वाशे वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका वहीत नऊ वर्षांच्या मुलाने तेच केले होते.



जयभीम! भवतु सब्ब मंगलम्।